पहिल्या बाकावरचे बाबा

अंबरनाथ (पूर्व),
१० ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून दिलेलं नाहीस, असं धरून लिहिते. फोनवर तू आम्हा सगळ्यांना ब्लॉक केलं आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा मार्ग. तुझा बडोद्याचा पत्ता बाबांच्या कंपनीत तुझ्याबरोबर स्टोअर्सला असलेल्या निशाकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या इतकं मागे लागले की शेवटी तिने पत्ता दिला आणि वर म्हणाली, आता वर्षभर तोंड दाखवू नकोस.

आम्ही सगळे बरे आहोत. माईचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात, पण माई त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते, त्यामुळे त्यांचं काही चालत नाही. पालेगावच्या बाजूला इतके टॉवर उभे राहिलेत की आपल्या गच्चीतून डोंगर दिसेनासा झाला. माई म्हणते, बरं झालं, आपण कपडे वाळत घालताना त्यालाही दिसत नाही. बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले, हे निशाने तुला सांगितलंच असेल. कंपनीने त्यांना निरोपाला एक सॅक आणि एक घड्याळ दिलं. घड्याळ बंद पडलं, सॅक अजून चालू आहे. ती सॅक पुढे या पत्रात येणार आहे.

आता बातमी. मला एम.ए.ला प्रवेश मिळाला. विद्यापीठात, इतिहासाला.

हे वाक्य मी लिहून खोडलं आणि परत लिहिलं. तुला ते वाचताना कसं वाटेल याची मला कल्पना आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याच विभागात तुझं नाव लागलं नाही, आणि आता तुझ्याच पुस्तकांवर वाढलेल्या धाकट्या बहिणीचं लागलं. बारावीत मी काही विचारायला आले की तू म्हणायचीस, 'मला नको विचारूस बाई, माझं तर नावसुद्धा लागलं नव्हतं.' हसत म्हणायचीस. मला तेव्हाही हसू यायचं नाही, आणि प्रवेशाचा मेसेज आला तेव्हा मला पहिलं तेच वाक्य ऐकू आलं.

विद्यापीठ बघून मी सर्दच झाले. इतकं मोठं नाव, आणि विभागाच्या पायरीवर एक तांबडा कुत्रा झोपलेला असतो, त्याला वळसा घालून प्राध्यापक आत जातात. दारावरच्या पाटीवर ज्यांची नावं आहेत त्यातले बरेचसे रिटायर झालेत आणि त्यांच्या जागा भरलेल्या नाहीत. वर्गातला पंखा चालू केला की मॅडमचं ऐकू येत नाही आणि बंद केला की आपण मरतो. लायब्ररीत पुस्तक आहे, पण कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे आहे. 'ते कधी येणार?' विचारलं तर काउंटरवरचे काका म्हणाले, 'आले की येतील.'

आणि तरी, ताई, पहिल्याच तासाला विनिता मॅडमनी (त्या तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे तासाचे पैसे, तेही उशिरा) विचारलं, 'तुम्ही राहता त्या जागेला नाव कोणी दिलं?' प्रत्येक जण काहीबाही सांगत होता. तेव्हा माझ्या शेजारची माया, उल्हासनगरची, सिंधी आहे, म्हणाली, 'मॅम, हमारे यहां नावच नाही, नंबर आहे. कॅम्प टू.' मॅडम म्हणाल्या, 'मग आज आपण तिथूनच सुरू करू.' पुढचा पूर्ण तास त्या नंबरावर गेला. फाळणी, छावणी, बराकी, मायाच्या आजीचं शिवणयंत्र. मला पंख्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. तुला इथे बसायला मिळायला हवं होतं.

पण हे सगळं हजेरीनंतरचं. खरा धक्का हजेरीतच बसला होता.

मी जरा उशिरा पोहोचले, मागच्या बाकावर बसले. पहिल्या बाकावर एक टक्कल होतं. मला वाटलं, कोणीतरी प्राध्यापक वर्ग तपासायला बसलेत. मॅडम नावं घेत होत्या. 'ताम्हणे प्राची.' मी हजर म्हटलं, आणि पुढचं टक्कल ताठ झालं. दोन्ही कान लालबुंद. मॅडम म्हणाल्या, 'ताम्हणे शशिकांत.' ते टक्कल उठून उभं राहिलं, अगदी अटेन्शनमध्ये, आणि खणखणीत आवाजात म्हणालं, 'प्रेझेंट, मॅडम!'

ताई, बाबा. आपले बाबा. पायात सेफ्टी शूज, बाकावर स्टीलची बाटली आणि कंपनीची ती सॅक. जुलैपासून ते घरी सांगतात की तळोज्याला एका कंपनीत कन्सल्टिंगला जातो. माई रोज सकाळी त्यांना डबा देते. मी बसल्या जागी गार पडले. बी.एस्सी. झालेल्या माणसाला इतिहासाला प्रवेश मिळतो आणि वयाची अट नसते, हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं.

तास संपल्यावर कॅन्टीनच्या मागे त्यांना गाठलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच बोट उगारलं. 'हे बघ, इथे मी ताम्हणे. तू कोण ते मला माहीत नाही. कळलं?'

'बाबा, तुम्ही इथे काय करताय?'

'वेळ जात नाही घरी. आणि माईला बोलू नकोस. ती हसेल.'

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? तर गेला महिना हे असं चाललंय. घरातून ते आधी निघतात, मी मागून. वर्गात एकमेकांना ओळख दाखवत नाही. तळोज्याचा माणूस कॅन्टीनमध्ये पहिल्या टेबलावर आणि मी शेवटच्या. परवा माया डब्यात डोकावून म्हणाली, 'तेरी और अंकल की भाजी रोज सेम कशी असते गं?' मी म्हटलं, अंबरनाथला भाजीवाला एकच आहे.

त्यांना वर्गात बघवत नाही. म्हणजे वाईट म्हणून नाही. ते इतके आनंदात असतात. मॅडम यायच्या आधी फळा पुसून ठेवतात. तास झाला नाही तर मुलं टाळ्या वाजवतात, हे शोकॉज नोटीस काढायच्या चेहऱ्याने बसून राहतात. 'इतिहास शिकून काय दिवे लावणार?' हे तुला कोणी विचारलं होतं ते आठवतं ना? तोच माणूस पहिल्या बाकावर. मला खूप राग यायला हवा, आणि येतोही, पण मधेच ते एखादा बाळबोध प्रश्न विचारतात, सगळा वर्ग हसतो आणि तेही हसतात, तेव्हा मला कळेनासं होतं.

तू घर सोडलंस त्या दिवाळीत ते तुला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तुला ते पाठ असेल. मलाही आहे.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पत्र परत आलं नाही तर वाचलंस असं समजेन.

तुझी,
प्राची


अंबरनाथ (पूर्व),
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

पत्र परत आलं नाही. त्यावर मी किती खूश झाले ते सांगत नाही, उगाच तुझी कॉलर ताठ होईल.

गणपती नीट पार पडले. मोदक माईने केले, कळ्या मी पाडल्या आणि त्या कळ्या बघून शेजारच्या काकू म्हणाल्या की मोमो छान झालेत. आज सर्वपित्री आहे, उद्या घट बसतील. माई मघाशी म्हणाली, 'आजच्या दिवशी पत्र लिहू नये गं, उद्या लिही.' मी म्हटलं, चांगलं पत्र आजच्या दिवशी लिहू नये. हे लिहिलं तर चालेल.

बघ, एक परिच्छेद झाला आणि मी अजून मोदकांवरच आहे. वर्गात काय झालं ते सांगायला बसले आहे आणि हात तिकडे जात नाही.

विनिता मॅडम आम्हाला सध्या साधनं शिकवतात. इतिहास कशावरून लिहायचा: ताम्रपट, बखरी, सरकारी कागद. गेल्या आठवड्यात एक दिवस म्हणाल्या, 'पण बहुतेक गोष्टींचा कागद होतच नाही. आज प्रत्येकाने अशी एक गोष्ट सांगायची, जी तुम्ही स्वतः पाहिली किंवा केली, आणि जिचा कुठेही कागद नाही.'

बदलापूरच्या पुढच्या पाड्यावरचा तुषार आहे आमच्या वर्गात, तो पहिला उठला. धरणाचं पाणी वाढलं तेव्हा त्यांचा पाडा उठवला होता. 'आमचा आजा नवसू,' तो म्हणाला, 'त्यानं घराचा दरवाजा काढून डोकीवर घेतला. मी बारका व्हतो. बोललो, आज्या, दार कशाला? तर बोलला, घर नेलं पाण्यानं तर नेऊं दे, दार माझा हाय.' मग माया बोलली, आणखी कोणीकोणी बोललं. मी काय सांगू याचा विचार करत होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरून बाबा उठले.

तुला आठवतं ना, कंपनीत दर सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे गोल करून उभे राहायचे, आणि ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं? घटना, कारण, परिणाम, सुधारणा. कोणी ओरडायचं नाही, कोणाला शिक्षा नाही, कारण लपवलं तर उद्या दुसरा कोणी भाजेल. आपण दूध उतू घालवलं तरी बाबा आपल्याला त्याच चार पायऱ्यांत सांगायला लावायचे, आणि तू 'सुधारणा: म्हैस विकणे' म्हणाली होतीस. बाबांना मॅडमचा तास त्या मीटिंगसारखा वाटला असावा. ते हात मागे बांधून उभे राहिले, समोर भिंतीकडे बघत.

'घटना,' ते म्हणाले. 'नऊ वर्षांपूर्वीचा जुलै. माझ्या मोठ्या मुलीने याच विभागात एम.ए.साठी अर्ज केला होता. तिला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून यादी बघायला मी आलो. बाहेरच्या फळ्यावर लावली होती. पहिली यादी. तिचं नाव सातवं होतं. मी घरी जाऊन सांगितलं, नाव नाही. वेटिंगलाही नाही.'

ताई, हे वाचून तू थांबली असशील. थांब. मीही इथे पेन खाली ठेवून पाणी पिऊन आले.

तुझं नाव लागलं होतं.

मागून कोणीतरी 'क्या?' म्हणालं. बाबांनी तिकडे पाहिलं नाही. 'कारण,' ते म्हणाले. 'कंपनीत स्टोअर्सला जागा होती. साहेबांना मी शब्द देऊन बसलो होतो. मुलगी डोळ्यांसमोर राहील, हेही मनात होतं. नाव लागलंय म्हटल्यावर तिला नाही म्हणायची माझ्यात धमक नव्हती. त्यापेक्षा खोटं सोपं होतं.'

मग ते बाटलीतलं पाणी प्यायले. झाकण लावायला त्यांना वेळ लागला.

'परिणाम. मुलीने माझ्यावर विश्वास ठेवला. ती स्टोअर्सला लागली. हुशार मुलगी गप्प होत गेली, ते मी रोज बघत होतो. पुढे एकदा भांडणात मीच तिला त्या यादीवरून टोचून बोललो. आणि बोलताना, मॅडम, ते मला खरंच वाटत होतं. मी खोटं सांगितलं होतं हे त्या क्षणी मला आठवतसुद्धा नव्हतं. ती घर सोडून गेली.' मग म्हणाले, 'सुधारणा. अजून काही नाही. कागदही नाही. पाहणारा मी एकटाच होतो.' आणि खाली बसले.

मला ऐकू येणं बंद झालं होतं. डोकं कसं भलतीकडे पळतं बघ, माझ्या मनात पहिला विचार आला की मॅडमनी आज हजेरी घेतली का. दुसरा आला तो त्या दिवाळीचा. मी आत करंज्या तळत होते. तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात. तू ते स्थळ नको म्हणालीस आणि बाबा म्हणाले, 'जिला एका यादीत नाव लावता आलं नाही, तिने मला अक्कल शिकवू नये.' तू काही बोलली नाहीस. तू कधीच काही बोलली नसतीस, कारण तुलाही ते खरंच वाटत होतं. झाऱ्यातली करंजी काळी झाली तरी मी तशीच उभी होते. ते लिहिणार नाही म्हटलं होतं मागच्या पत्रात. पण आता ते वाक्य लपवून कोणाची अब्रू वाचवायची?

मॅडम 'थँक यू, काका,' म्हणाल्या आणि खडू उचलून परत ठेवला. तास तिथेच संपला. मायाने माझा दंड धरून मला बाहेर आणलं. म्हणाली, 'अंकल तेरे पापा हैं, ये तो पहिल्या दिवसापासून सबको पता है. सरनेम, नाक, भाजी. पण हे नव्हतं माहीत, यार. तुला तरी माहीत होतं?' मी मान हलवली. ती म्हणाली, 'फिर रो ले ना.' पण मला रडू येत नव्हतं. कोणीतरी तोंडात मारावी आणि का ते सांगू नये, तसं झालं होतं.

बाबा गेटपाशी उभे होते. ओळख दाखवायची नाही, हा करार त्या दिवशी संपला.

'मी वर्गात आहे हे माहीत असून बोललात?'

'तू होतीस म्हणूनच बोललो. एकटीला सांगायला जमलं नसतं.'

'आणि जिला सांगायचं तिला?'

'तिने ब्लॉक केलंय.'

'त्याआधी सहा वर्षं ती एकाच घरात होती, बाबा. तुम्ही एका स्कूटरवरून एमआयडीसीत जात होतात.'

मी विचारलं, 'मग इथे कशाला आलात? प्रायश्चित्त?'

'कसलं प्रायश्चित्त?' ते म्हणाले. 'ती काय शिकणार होती ते बघायला आलो. पंधरा दिवस बसून सोडून देणार होतो. म्हटलं, काहीतरी कंटाळवाणं असेल, म्हणजे फार काही बिघडलं नाही असं वाटेल मला. पण मला आवडायला लागलं. हेच वाईट झालं, प्राची. हे एवढं चांगलं असतं, हे मला माहीत नव्हतं.'

ताई, खरं सांगते, मला त्यांना मारावंसं वाटलं. आणि त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून द्यावासाही वाटला, कारण ते सिग्नल न बघताच चालायला लागले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी रस्ता ओलांडून दिला आणि स्टेशनवर जाऊन वेगळ्या डब्यात बसले.

माईला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते, एवढं मी त्यांना बजावलं होतं. संध्याकाळी माई मोड आलेले वाल सोलत बसली होती. बाबा तिच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी खाली बसत नाहीत, तेव्हाच माईने ओळखलं असावं की काहीतरी मोठं आहे. त्यांनी कन्सल्टिंगपासून सुरुवात केली. ते ऐकून माई हसायलाच लागली, 'या वयात शाळा?' म्हणून. मग त्यांनी यादीचं सांगितलं. या वेळी घटना नाही, कारण नाही, नुसतंच सांगितलं.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती वाल सोलत राहिली. मग म्हणाली, 'पहिल्या यादीत?'

'हो.'

'तुम्ही स्वतः पाहिलंत?'

'हो.'

माईने हात धुतले, कपाटातली चांगली साडी नेसली आणि मला म्हणाली, 'चल.' कुठे, विचारायची माझी छाती झाली नाही. ती शिवमंदिराच्या रस्त्याला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माईला देवळात गेलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. श्रावणी सोमवारी सगळी आळी जायची आणि हिला नेमकं त्याच दिवशी पीठ दळायचं असायचं. महाशिवरात्रीला गर्दी सहन होत नाही म्हणायची. मला खरंच वाटायचं.

वालधुनीच्या पुलापाशी ती बोलायला लागली. 'तू लहान होतीस. ऋताने अर्ज भरला तेव्हा मी इथे नवस बोलले होते. पोरीचं नाव लागू दे, तिच्या हातून अभिषेक करीन. दुसरं आयुष्यात काही मागितलं नव्हतं मी. आणि नाव नाही लागलं. मग म्हटलं, एवढंसं देता येत नाही तर माझंही तुझ्याशी काम नाही. तेव्हापासून पायरी चढले नाही.'

आवाराच्या आत गेल्यावर ती थांबली. लोक आत-बाहेर करत होते, तिच्या अंगावरून जात होते. ती तिथेच उभी. मी म्हटलं, 'माई, आत चल ना.'

'कोणत्या तोंडाने जाऊ?' ती म्हणाली. 'त्याने दिलं होतं गं. लगेच दिलं होतं. आणि मी नऊ वर्षं त्याच्यावर रुसून बसले.'

तिथे मला रडू आलं. दगडाला टेकून मी इतकी रडले की फुलवाली उठून आली आणि विचारायला लागली, कोण गेलं? माई तिला म्हणाली, 'कोणी गेलं नाही. मुलीचं नाव लागलं.' आणि त्या बाईने, बिचारीला काय कळणार, 'पेढे हवेत मग' म्हणत माझ्या हातात एक मोगऱ्याचा गजरा ठेवला.

माई आत गेली नाही. बाहेरूनच हात जोडले. नवस ऋताच्या हातचा आहे, तो फेडल्याशिवाय मी आत कशी जाऊ, म्हणाली. घरी आल्यापासून ती बाबांशी बोलत नाही. ताट वाढते, औषध ठेवते, बोलत नाही. बाबा दोन दिवस घरीच होते. तिसऱ्या दिवशी त्यांची सॅक तिने दारात नेऊन ठेवली आणि भिंतीला सांगितलं, 'परीक्षा द्यायची. पळून जायचं नाही. माझ्या पोरीला जे दिलं नाही ते निम्मं टाकून यायला कोणी सांगितलंय?' ते गेले. पहिल्या बाकावर बसतात, पण फळा आता तुषार पुसतो.

काल रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, 'ऋताचा पत्ता आहे का तुझ्याकडे?'

मी म्हटलं, नाही.

डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, आवाजही कापला नाही. मग माझ्या लक्षात आलं की खोटं बोलायला खरंच किती थोडा वेळ लागतो. पण मी शब्द मागे घेतला नाही. तुझा पत्ता तुझा आहे. तो त्यांना द्यायचा की नाही, हे या घरात पहिल्यांदाच कोणीतरी तुला विचारून ठरवणार आहे. एका ओळीचं कार्ड टाक, हो किंवा नाही. काहीच टाकलं नाहीस तर मी नाही समजेन आणि त्यावरून तुला कधीही काही म्हणणार नाही.

तू ये, असं मी लिहीत नाही. माफ कर, असं तर मुळीच नाही. माईचा देव इतकी वर्षं थांबला, आणखी थांबेल. तेही ओझं घेऊ नकोस. मला एवढंच कळतं की तू बडोद्याच्या कुठल्यातरी खोलीत, माझं डोकं काही खास नाही, असं समजून रोज सकाळी उठत होतीस. मी हे पत्र आधीच लांबवलं, आणखी उद्यावर टाकलं असतं तर उद्या सकाळीही तशीच उठली असतीस. म्हणून सर्वपित्री असो नाहीतर काहीही असो, आजच लिहिलं आणि आत्ता, पोस्ट बंद असलं तरी, पेटीत टाकून येते आहे.

पहिल्या यादीत नाव लागलेल्या ऋता ताम्हणेची धाकटी बहीण,
प्राची